खोट्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५

सतराव्या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात: शरीराचं तप, वाणीचं तप आणि मनाचं तप. पहाटे उठणं, उपवास करणं याला आपण चटकन तप म्हणतो. पण बोलणं हे तप कसं असेल? आजचा श्लोक नेमका त्यावर आहे. त्याचा भाव साध्या मराठीत असा: आपलं बोलणं दुसऱ्याला उद्विग्न न करणारं, खरं, ऐकायला बरं वाटणारं आणि भल्याचं असावं, आणि त्याच्या जोडीला स्वाध्यायाची सवय असावी.

यात ‘किंवा’ कुठेच नाही, हे लक्षात घ्या. खरं आहे म्हणून बोललो, एवढ्यावर भागत नाही. गोड बोललो, एवढ्यावरही नाही. चारही चाळण्यांतून जे खाली उतरेल तेच तप.

हा श्लोक आज एका जड विषयाला लावून बघूया. घरातल्याच माणसाने घरातल्यांचा जीव घेतल्याचा खटला उभा राहिला की सगळीकडे त्याचीच चर्चा सुरू होते. पॉडकास्ट, रील्स, ऑफिसमधला चहा, फॅमिली ग्रुप. आरोपी काय खोटं बोलला, कसा रडला, डोळ्यांत पाणी होतं की नव्हतं. आपणही त्यात असतो. ऐकतो, पुढे पाठवतो, मत देतो. मग प्रश्न येतो, त्या वेळी आपल्या वाणीचं काय होतं?

यासाठी एक जुना, पूर्ण निकाल लागलेला खटला घेऊया. आज चालू असलेल्या खटल्यावर बोलताना आपल्यालाच सगळं माहीत असल्यासारखं वाटतं. जुन्या खटल्यात सगळं समोर असतं, त्यामुळे आपण स्वतःकडेही शांतपणे बघू शकतो.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात युनियन नावाचं एक छोटं गाव आहे. २५ ऑक्टोबर १९९४ च्या रात्री सुझन स्मिथ नावाच्या एका तरुण आईने सांगितलं की सिग्नलला गाडी थांबलेली असताना एक काळा माणूस बंदूक घेऊन आत घुसला, थोड्या अंतरावर त्याने तिला खाली उतरवलं आणि मागच्या सीटवरच्या दोन मुलांसकट गाडी पळवली. मायकल तीन वर्षांचा होता आणि अलेक्स चौदा महिन्यांचा.

सगळं गाव धावलं. लोकांनी पिवळ्या फिती बांधल्या, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या, स्वयंसेवक रानं धुंडाळत फिरले. तिच्यापासून वेगळा राहणारा नवरा डेव्हिड, म्हणजे मुलांचा बाप, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर तिच्या शेजारी उभा राहिला. त्याचा तिच्यावर विश्वास होता. देशभरातल्या आयांनी ते पाहिलं आणि आपापल्या लेकरांना जवळ घेतलं.

नऊ दिवसांनी, ३ नोव्हेंबरला, तिने कबूल केलं. गाडी कुणी पळवलीच नव्हती. जॉन डी. लाँग तळ्याच्या उतारावरून तिनेच ती पाण्यात सोडली होती. मुलं मागे पट्ट्यांत बांधलेली होती.

आता इथे थोडं थांबा. ‘कसली आई ही!’ असं मनात आलं असेल. ते साहजिक आहे. पण त्याच्यापुढे जायचं असेल तर त्या नऊ दिवसांत काय घडलं हे पाहिलं पाहिजे.

मारीचाचा आवाज

रामायणातला मारीच आठवा. सोन्याच्या हरणाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण खरा घात हरणाने केला नाही, आवाजाने केला. बाण लागून मरता मरता मारीच रामाच्या आवाजात ओरडला. ‘सीते, लक्ष्मणा’ अशी हाक मारली. ती हाक फसवी होती, पण ती ऐकून सीतेच्या मनात जे उठलं ते खोटं नव्हतं. ते प्रेम होतं. मारीचाने सीतेच्या वाईटपणाचा फायदा घेतला नाही, चांगुलपणाचा घेतला. त्यानंतर रावण आला तोही राक्षस बनून नाही, भिक्षेकऱ्याच्या वेषात आला, कारण सीता दारातून याचकाला परत पाठवणार नाही हे त्याला माहीत होतं.

युनियनमध्ये हेच झालं. त्या लोकांना मूर्ख म्हणू नका. एका आईचा आक्रोश ऐकून रानात धावणारी माणसं मूर्ख नसतात, चांगली असतात. तिचं खोटं त्यांच्या दयेवर चाललं.

पण रामायणात याच प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, ती आपण वाचताना घाईने ओलांडतो. लक्ष्मण म्हणाला, ‘वहिनी, हा दादाचा आवाज नाही.’ तेव्हा सीता त्याला फार कठोर बोलली. त्याच्या हेतूवरच तिने संशय घेतला. दिवसरात्र पहारा देणाऱ्या, पूर्ण निर्दोष माणसावर! बघा, मारीचाचं खोटं हवेत विरलं नाही. त्याला कुणाच्या तरी खांद्यावर उतरायचं होतं, आणि ते लक्ष्मणाच्या खांद्यावर उतरलं.

प्रत्येक खोट्याचं असंच असतं. ते उचलायला एक निर्दोष माणूस लागतो.

काळ्या माणसाचं चित्र

सुझनच्या सांगण्यावरून पोलिसांनी एका काळ्या माणसाचं रेखाचित्र काढलं आणि ते सगळीकडे लागलं. तो माणूस अस्तित्वातच नव्हता. पण त्याच्यासारखे दिसणारे माणसं मात्र खरी होती. काळ्या पुरुषांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं, काहींना थांबवून चौकशी झाली. ज्या राज्यात एकेकाळी निव्वळ आरोपावरून काळ्या माणसांना जमावाने मारलं होतं, तिथे त्या नऊ दिवसांत त्या घरांतल्या आयांना काय वाटलं असेल? त्या मायकल आणि अलेक्ससाठी प्रार्थना करत होत्या आणि स्वतःच्या मुलाला ‘आज बाहेर फिरू नकोस’ असंही सांगत असतील.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, बॉस्टनमध्ये चार्ल्स स्टुअर्ट नावाच्या माणसाने गरोदर बायकोचा जीव घेतला आणि असाच एक काळा हल्लेखोर उभा केला. पोलिसांनी काळ्या वस्तीत घरोघरी झडत्या घेतल्या, निर्दोष माणसांना धरलं. खरं बाहेर येतंय म्हटल्यावर जानेवारी १९९० मध्ये त्याने पुलावरून उडी टाकून जीव दिला. ज्यांच्यावर खोटा संशय आला होता त्यांची बॉस्टन शहराच्या वतीने महापौरांनी माफी मागितली ती २०२३ च्या डिसेंबरमध्ये. चौतीस वर्षांनी!

दोघांनीही तेच खोटं का निवडलं असेल? कारण ते पटकन पटणार हे त्यांना माहीत होतं. खोटं बोलणारा नवीन काही बनवत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात आधीच जो संशय तयार पडलेला असतो, तोच तो उचलतो आणि त्याच्या हातात देतो.

आणि हे दूर अमेरिकेतच होतं असं समजू नका. २००८ सालचं नोएडाचं प्रकरण आठवा. आरुषी या तेरा वर्षांच्या मुलीचा खून झाला आणि पहिला संशय घरकाम करणाऱ्या हेमराजवर गेला. तो पळून गेला असंच धरलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर त्याचा मृतदेह सापडला. ज्याला खुनी म्हणत होते तो स्वतःच मारला गेलेला होता. नंतर टीव्हीवर रोज रात्री नवा निकाल लागत राहिला. २०१३ मध्ये सीबीआय न्यायालयाने आईवडिलांना दोषी ठरवलं, २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केलं. या सगळ्या काळात आपल्यापैकी किती जणांनी चहा पिता पिता ‘मला तर पहिल्यापासून माहीत होतं’ असं म्हटलं असेल!

सिग्नल

सुझनचं खोटं कशाने उघडं पडलं? एका साध्या सिग्नलने. तिने सांगितलं होतं की सिग्नल लाल होता आणि चौकात दुसरी एकही गाडी नव्हती. पण तो सिग्नल आडव्या रस्त्यावर गाडी आली तरच लाल व्हायचा, एरवी हिरवाच राहायचा. दुसरी गाडी नसेल तर तिला लाल दिवा दिसणारच नव्हता.

तिने अश्रू सांभाळले, चेहरा सांभाळला, कॅमेऱ्यासमोर मुलांना उद्देशून बोलली. पण गावातल्या चौकातला दिवा तिच्या हातात नव्हता. आपल्याकडे म्हणतात, खोट्याला पाय नसतात. सत्याला काही करावं लागत नाही, ते जागेवर असतं. खोट्याला मात्र सगळं जग आपल्या बाजूने वळवावं लागतं, दिवे, वेळा, रस्ते, माणसं. ते कुणालाच जमत नाही.

शेवटची चौकशी एका बाप्टिस्ट चर्चच्या इमारतीत झाली. तिथे शेरिफ हॉवर्ड वेल्स आणि सुझन यांनी मिळून प्रार्थना केली आणि त्यानंतर ती बोलती झाली. इतके दिवस तिच्या नावाने सगळा देश प्रार्थना करत होता, तिच्या तोंडीही देवाचं नाव होतं. पण त्या नावाला आत जागा नव्हती, तिथे खोटं बसलेलं होतं. तिसऱ्या अध्यायात भगवंत अशा माणसाला मिथ्याचारी म्हणतात, बाहेरून संयम आणि आत वेगळंच चाललेलं. आपण जप करतो, स्टेटसला विठ्ठलाचा फोटो ठेवतो, ते चांगलंच आहे. पण माळेवर बोटं फिरत असताना आत काय चाललंय हे बघणं हाही साधनेचाच भाग आहे.

इथे कुणी चाणाक्ष वाचक विचारेल की शेरिफही खोटं बोललाच ना? हो. वेल्स यांनी तिला सांगितलं की त्या रात्री आमची माणसं चौकात पाळतीवर होती आणि त्यांना काहीच दिसलं नाही. ते खरं नव्हतं. मग?

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतात. नेहमी खरंच बोलायचं हे त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं त्याच्या जवळच्या रानात लपली. मागून दरोडेखोर आले, त्यांनी विचारलं आणि कौशिकाने खरं ते सांगून टाकलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. म्हणजे शब्द खरा, पण तो हिताच्या चाळणीत अडकला. शेरिफला या गोष्टीने सरळ सूट मिळते असं नाही. पोलिसांनी असं वागावं का यावर कायदा जाणणारेही वाद घालतात, आणि फसवून मिळवलेले कबुलीजबाब पुढे खोटे निघाल्याचीही उदाहरणं आहेत. पण एवढं नक्की कळतं की ‘मी खरं तेच बोललो’ या वाक्यामागे लपता येत नाही. गॉसिप करणाऱ्या प्रत्येकाची तीच ढाल असते. ‘अरे, पण हे खरं आहे ना!’ असेल खरं. कुणाच्या भल्याचं आहे?

बारा माणसं आणि बाकीचे आपण

कबुलीनंतर तेच गाव, तोच देश उलटला. ज्या तोंडांनी प्रार्थना केली होती त्यांनीच ‘हिला मारून टाका’ म्हटलं. फसवलं गेल्याचा राग फार मोठा असतो, कारण त्यात आपलं प्रेम वाया गेल्याची लाज मिसळलेली असते.

जुलै १९९५ मध्ये खटला युनियनमध्येच चालला. तिकडे कॅलिफोर्नियात ओ. जे. सिम्पसनचा खटला रोज टीव्हीवर दिसत होता. इथे मात्र न्यायाधीश विल्यम हॉवर्ड यांनी न्यायालयात टीव्ही कॅमेरे येऊ दिले नाहीत. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की तिला ज्याच्याबरोबर राहायचं होतं त्याला ही मुलं नको होती, म्हणून तिने हे केलं. बचाव पक्षाने ती सहा वर्षांची असताना झालेली वडिलांची आत्महत्या, सावत्र वडिलांनी केलेलं शोषण आणि तिचं मोडलेलं मन मांडलं. सरकारी पक्षाने फाशीची, म्हणजे देहदंडाची मागणी केली. मुलांचा बाप साक्षीला उभा राहिला आणि रडला.

ज्युरीत बसलेली बारा माणसं त्याच भागातली होती, त्यांनीही ते नऊ दिवस पाहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं, तिला खुनाची दोषी ठरवलं आणि मृत्युदंडाऐवजी जन्मठेप दिली. त्यांचं बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. पण त्यांच्यात आणि बाहेरच्या गर्दीत एक फरक होता. त्यांना दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय तोंड उघडायची परवानगी नव्हती, आणि बोललेल्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. गर्दीवर कसलीच जबाबदारी नव्हती. कमेंट टाकताना आपण कुठे बसलेले असतो, त्या बारा जणांत की गर्दीत?

बोलण्याची नशा किती लांब जाते तेही बघा. तळ्याकाठी त्या दोन मुलांचं स्मारक उभं राहिलं आणि लांबून लोक ती जागा बघायला येऊ लागले. १९९६ मध्ये ते बघायला आलेल्या मंडळींची गाडी त्याच उतारावरून पाण्यात गेली आणि सात जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलंही होती. ती माणसं वाईट नव्हती, कदाचित हळहळ वाटूनच आली असतील. पण दुसऱ्याच्या दुःखाचं प्रेक्षणीय स्थळ होतं तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं.

त्या गावात वाणीचं तप कुणी केलं, असं विचाराल तर सुझनच्या भावाचं नाव घ्यावं लागेल. कबुलीनंतर काही दिवसांतच त्याने जाहीरपणे, कुटुंबाच्या वतीने, युनियनमधल्या काळ्या लोकांची माफी मागितली. विचार करा, त्याचे दोन भाचे गेले होते, बहीण तुरुंगात होती, घर कोसळलं होतं. गप्प बसला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण आपल्या घरातून निघालेल्या खोट्याचं ओझं दुसऱ्यांच्या खांद्यावर पडलंय हे त्याने ओळखलं आणि ते उचलायला तो पुढे गेला. खरं, हिताचं आणि दुखावलेल्या मनांना शांत करणारं. चारही चाळण्यांतून उतरलेलं बोलणं असं असतं.

मग देवाची क्षमा?

नवव्या अध्यायात भगवंतांनी अतिशय दुराचारी माणसालाही भक्तीचं दार बंद ठेवलेलं नाही. मग सुझनसाठीही ते उघडं आहे का? गीता मानायची असेल तर ‘हो’ म्हणावं लागेल, कितीही जड गेलं तरी. पण देवाचं दार उघडं असणं म्हणजे तुरुंगाचं दार उघडणं नव्हे. तीस वर्षं झाल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, तिची पॅरोलसाठी सुनावणी झाली. मुलांच्या वडिलांनी तिला सोडू नये असं सांगितलं आणि मंडळाने एकमताने नकार दिला. भक्ती म्हणजे कर्माच्या फळातून पळवाट नाही. फळ भोगत असतानाही खरं राहण्याची ताकद म्हणजे भक्ती.

आता आपल्याकडे वळूया. आपण कुणी एवढं भयंकर करत नाही. पण ऑफिसात डेडलाइन चुकली की ‘ज्युनियरने फाइल दिली नाही’ म्हणतो. घरातली अंगठी सापडत नाही तेव्हा पहिला विचार कामवाल्या मावशींचा येतो, सोसायटीत सायकल गेली की वॉचमनचा. चार दिवसांनी अंगठी कपाटातच सापडते. मावशींना ‘सापडली हो, आणि माझ्या मनात उगाच तुमचं नाव आलं’ असं कितीजण सांगतात? लहान खोटंही कुणाच्या तरी खांद्यावर बसतं, आणि तो खांदा बहुतेक वेळा आपल्यापेक्षा दुबळ्या माणसाचा असतो. तो उलटून बोलू शकत नाही, म्हणूनच आपण तो निवडलेला असतो.

आजचा अभ्यास

१. आज दिवसभरात अशा एखाद्या खटल्याची बातमी पुढे पाठवावीशी वाटली तर आधी चार प्रश्न विचारा. हे कुणाला विनाकारण पोळेल का? हे खरं आहे हे मला कसं माहीत? हेच मी त्या घरातल्या माणसासमोर याच शब्दांत बोलेन का? याने कुणाचं भलं होईल? एकाचंही उत्तर अडलं तर फोन खाली ठेवा.

२. अशा प्रकरणात ज्यांचा जीव गेला त्यांची नावं आधी घ्या. सुझनचं नाव जगाला पाठ आहे. मायकल आणि अलेक्स ही नावं आठवायला थांबावं लागतं.

३. आपल्या एखाद्या खोट्याचं किंवा संशयाचं ओझं आज कुणाच्या खांद्यावर आहे का, ते शोधा. असेल तर त्या माणसाशी आजच बोला. मेसेज नको, समोर जाऊन किंवा फोन करून.

हे पांडुरंगा, आमच्या जिभेवर तुझं नाव असताना तिच्यावर दुसऱ्याचा घात बसू देऊ नकोस. आम्हाला फसवलं गेलं तरी दया आटू देऊ नकोस, आणि संशय आला तरी घाई होऊ देऊ नकोस. ज्यांच्यावर आमच्यामुळे खोटं ओझं पडलं, त्यांच्या दाराशी जाण्याचं बळ दे. त्या दोन लेकरांना आणि अशा सगळ्या लेकरांना तुझ्या कुशीत ठेव.

उद्याचं वाचन : अध्याय १७, श्लोक १६, मनाचं तप. वाणी आवरली की तिच्या मागे काय उभं असतं ते तिथे दिसतं. वाचून या.

राम कृष्ण हरी!